निळ्या दिव्याचं काय करायचं?

घरात खाऱ्या पाण्याचा फिश टँक आहे असं कळलं की आपली माणसं दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "यातले खायचे कुठले?" (हा माहेरच्या बाजूने येतो. माहेर रत्नागिरीचं, त्यामुळे क्षम्य आहे.) आणि दुसरा, "तो निळा दिवा कुठून घेतलास गं?"

पहिल्याचं उत्तर "कुठलेच नाहीत" इतकं सोपं आहे. दुसऱ्याचं उत्तर मी आत्तापर्यंत फोनवर, पोळ्या लाटता लाटता, अर्धंमुर्धं देत आले. गेल्या महिन्याभरात तिघांनी विचारलं. त्यात पुण्याच्या मावसभावाने तर "ताई, बाकी काही सांगू नकोस, फक्त दिव्याचं मॉडेल पाठव" असा निरोप ठेवला. म्हणून म्हटलं, एकदाच नीट लिहून काढावं.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. प्रवाळांच्या टँकला शोभेचा दिवा असा काही प्रकार नसतो. आपण तो शोभेसाठी आणतो, पण पाण्यातल्या जिवांना तो जेवण म्हणून आणि घड्याळ म्हणून लागू होतो. तेव्हा रंग आवडला म्हणून दिवा घेऊ नये. तो मंद करता येतो का, वेळेवर बंद होतो का, हे आधी बघावं. आणि रात्री टँकमध्ये काळोख ठेवावा. हा शेवटचा मुद्दा बहुतेकांना पटत नाही. आमच्या घरातही पटला नव्हता.

आता सविस्तर.

आमचा टँक ४० गॅलनचा, म्हणजे साधारण १५० लिटरचा आहे. मिनियापोलिसमध्ये, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात. त्यात नारिंगी-पांढरे दोन क्लाउनफिश, काही गोगलगायी, आणि बाकी प्रवाळ. बटणांसारखे दिसणारे झोअँथिड, मश्रूम म्हणतात ते चपटे मऊ तुकडे, आणि एक हॅमर कोरल, ज्याच्या प्रत्येक बोटाच्या टोकाला छोटी हातोडी असते. हे सगळे इथल्याच हौशी लोकांच्या घरी वाढलेल्या प्रवाळांचे तुकडे आहेत. जास्वंदीची फांदी शेजारणीकडून आणून लावावी तसं. समुद्रातून तोडून आणलेलं त्यात काही नाही, आणि मला तसं नकोच होतं.

आईला पोवळं म्हटलं की अंगठीतलं आठवतं, मंगळासाठी घालतात ते. तिला मी सांगते की हे त्याचे लांबचे नातेवाईक, पण जिवंत. प्रवाळ हा प्राणी आहे. झाड नाही, दगड तर नाहीच. तोंड आहे, पोट आहे, भोवती बोटं आहेत. मात्र या प्राण्याने घरात भाडेकरू ठेवलेत. त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. माझ्या टँकमधल्यासारख्या प्रवाळांचं पोट मुख्यतः या भाड्यावर चालतं. म्हणजे दिवा लावला की स्वयंपाकघर सुरू आणि दिवा बंद की चूल थंड.

हे एकदा डोक्यात बसलं की "किती सुंदर दिसतंय" या वाक्याच्या आधी "त्याला किती मिळतंय" हा प्रश्न आपोआप येतो.

निळाच का?

बरं, मग निळाच उजेड का? ही फॅशन नाही, त्याला कारण आहे. समुद्राचं पाणी उजेडातला लाल भाग सगळ्यात आधी गिळतं. दहा मीटरच्या आतच लाल बराचसा संपतो, मागोमाग नारिंगी आणि पिवळा. स्वच्छ समुद्रात सगळ्यात खोलवर जातो तो निळा. आपल्या लोकांसाठी जवळचं उदाहरण म्हणजे आंग्रिया बँक. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरहून जास्त आत, भर समुद्रात पाण्याखाली एक पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. पठाराचा माथा साधारण वीस मीटर खोल आहे आणि त्यावर प्रवाळ आहेत. तिथे भर दुपारी पोचणारा उजेड निळा असतो. तिथल्या शैवालाने पिढ्यानपिढ्या ज्या उजेडात संसार केला तो हा. त्याची रंगद्रव्यंही ४०० ते ५०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला, म्हणजे जांभळा-निळा उजेड उत्तम शोषतात.

(किनाऱ्याजवळ मात्र असं नसतं. मालवणच्या गढूळ पाण्यात उजेड हिरवट होतो आणि तिथेही प्रवाळ आहेतच. तेव्हा "निळा नसेल तर प्रवाळ मरेल" असंही कोणी सांगितलं तर मान डोलावू नका.)

पूर्वी हा निळा मिळवायला भारी उपद्व्याप होते. मेटल हॅलाइडचे दिवे असत, तापून टँकचं पाणी गरम करणारे. मग ते गार करायला वेगळं यंत्र. सोबतीला ॲक्टिनिक नावाच्या निळसर नळ्या. मग एलईडी आली. लाल आणि हिरवी एलईडी कधीचीच होती, अडलं होतं निळ्यापाशी. जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी १९९३ साली प्रखर निळी एलईडी करून दाखवली आणि त्या कामासाठी त्यांना, अकासाकी आणि अमानो यांच्यासोबत, २०१४चं भौतिकीचं नोबेल मिळालं. तुमच्या घरातला पांढरा एलईडी बल्बही मुळात बहुधा निळाच असतो, वर पिवळ्या फॉस्फरचा लेप. प्रवाळ पाळणाऱ्यांना त्या लेपाची फारशी गरज नाही, एवढाच फरक.

साडीचं दुकान

आता त्या झळाळीकडे येऊ, कारण खरी भुरळ तीच घालते.

पांढऱ्या उजेडात माझे झोअँथिड मातकट हिरवे दिसतात. मुख्य दिवा मालवून फक्त गडद निळा ठेवला की तेच पोपटी, नारिंगी, गुलाबी पेटून उठतात. पाहुणे "अय्या!" म्हणतात ते इथे. हे रंग दिव्यातून येत नाहीत. प्रवाळांच्या अंगात प्रतिदीप्त प्रथिनं असतात. ती निळा किंवा जांभळा उजेड घेतात आणि हिरवा, नारिंगी, लाल परत देतात. अशा प्रथिनांपैकी पहिलं, हिरवं, सापडलं एका जेलीफिशमध्ये, १९६२ साली. ओसामू शिमोमुरा यांचं काम. पुढे त्याचा उपयोग पेशींच्या आत काय चाललंय ते बघण्यासाठी होऊ लागला आणि २००८चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. प्रयोगशाळांमध्ये भरपूर वापरलं गेलेलं एक लाल प्रथिन डिस्कोसोमा या मश्रूम प्रवाळातून आलं, १९९९ साली. म्हणजे माझ्या टँकमधल्या त्या चपट्या मऊ तुकड्याचं घराणं मोठं आहे!

या झळाळीला माझा आक्षेप नाही. मलाही ती आवडते. आक्षेप आहे तो तिच्यावरून निर्णय घेण्याला.

आपल्याकडे साडी घेताना काय करतात? दुकानातल्या दिव्याखाली रंग आवडला तरी आई आणि मावशी साडी उचलून दुकानाच्या दारात, उन्हात नेऊन बघतात. दुकानदार "ताई, रंग तोच आहे" म्हणत मागे येतो. प्रवाळांच्या धंद्यात आज हेच चाललंय, फक्त दारात नेऊन बघायची सोय नाही. विक्रेते गडद निळ्या उजेडात फोटो काढतात, रंग अजून थोडा चढवतात, तुकड्याला एखादं भरजरी नाव देतात आणि नखाएवढ्या तुकड्याची किंमत सोन्याच्या भावाशी स्पर्धा करते. मी दुकानात गेले की पहिली विनंती करते, "जरा पांढरा दिवा लावता का?" काही जण आनंदाने लावतात. काही जणांचा चेहरा पडतो. ज्यांचा पडतो त्यांच्याकडून मी काही घेत नाही.

पांढऱ्या उजेडात बघायचं कारण रंग नव्हे. तुकडा निरोगी आहे का, कडेला मांस सुटलंय का, खालचा सांगाडा उघडा पडलाय का, हे निळ्यात दिसत नाही. निळा उजेड आजारपण झाकतो. घरच्या टँकलाही हे लागू आहे. चोवीस तास निळ्यातच टँक बघणाऱ्याला त्याचा प्रवाळ फिका पडतोय हे फार उशिरा कळतं. म्हणून रोज थोडा वेळ तरी साधा पांढरा उजेड हवाच. तो दिव्यात नसेल तर तो दिवा घेऊ नये.

डोळ्यांवर भरवसा नको

आता दिवा निवडताना सगळ्यात अडचणीची गोष्ट. आपले डोळे.

आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा उजेड सगळ्यात तेजस्वी वाटतो, ५५५ नॅनोमीटरच्या आसपास. त्याच शक्तीचा ४५० नॅनोमीटरचा निळा आपल्याला त्याच्या जेमतेम ४ टक्के उजळ वाटतो. ४२०चा जांभळा तर अर्धा टक्काही नाही. शैवालाचं गणित मात्र उलटं. त्याच्या दृष्टीने हाच उजेड पक्वान्न. त्यामुळे होतं काय, तर आपण टँकवर एक "मंद, शांत" निळी पट्टी लावतो, वाटतं की किनार दिलीय, आणि खाली प्रवाळाच्या ताटात आणखी चार पोळ्या पडलेल्या असतात.

भूक असेल तर ठीक. पण भाडेकरू शैवालाची अन्न करण्याची मर्यादा असते. त्यापलीकडचा उजेड उपयोगी पडत नाही, उलट पेशींमध्ये घातक ऑक्सिजन-संयुगं तयार होतात आणि शेवटी प्रवाळ भाडेकरूंना घराबाहेर काढतो. मग तो पांढरा पडतो.

म्हणून शोभेची पट्टी वाढवली की एकूण उजेड मोजावा. मोजायचं मापक म्हणजे पार, वनस्पती आणि शैवालाच्या कामी येणारा उजेड. माझ्यासारख्या मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५० पुरतं. फांद्यांच्या कडक प्रवाळांना २०० ते ३५० लागतं. मापक महाग असतं, पण विकत घ्यायची गरज नाही. गावात समुद्री टँकवाल्यांचं मंडळ असेल तर तिथे बहुधा एखादं फिरतं मापक असतं, ते दोन दिवसांसाठी मागून आणावं. फोटोग्राफीचं लक्स मीटर मात्र नको. ते माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने बनवलेलं असतं, त्यामुळे निळ्याच्या बाबतीत तेही आपल्याइतकंच आंधळं.

आणि मापक नसेलच मिळत तर घरगुती उपाय. नवा दिवा अगदी कमी शक्तीवर सुरू करायचा, आठवड्याला थोडा थोडा वाढवायचा आणि रोज पांढऱ्या उजेडात प्रवाळाकडे बघायचं. बोटं आखडून घेतोय? फिका पडतोय? थांबा. उजेडाच्या शोधात लांबट होतोय? थोडा द्या. अंगणातल्या तुळशीला जितकं लक्ष देतो तितकं दिलं तरी चालतं.

मग पट्टी कुठली घ्यावी?

मावसभाऊ इथपर्यंत पोचला असेल तर त्याच्यासाठी. मॉडेल सांगत नाही, कारण मॉडेल दर वर्षी बदलतात. बघायच्या गोष्टी मात्र बदलत नाहीत.

रंगाच्या नावावर जाऊ नका, नॅनोमीटर विचारा. झळाळीसाठी हवा तो गडद निळा म्हणजे ४५०च्या आसपासचा, सोबत थोडा ४००-४२०चा जांभळा. दिवाळीत गॅलरीत लावतो त्या रंग बदलणाऱ्या पट्ट्यांमध्ये निळा असतो, पण तो बहुधा ४६५-४७०चा. खोली निळी दिसते, प्रवाळ तितके पेटत नाहीत. उरतो नुसता पानटपरीचा उजेड.

लाल, हिरवा, जांभळा असा नाच करणारे दिवे तर नकोतच. लाल उजेडाचं प्रमाण वाढलं की दगडी प्रवाळाची तब्येत खालावते असं नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात २०१४ साली दिसलं. वीस मीटर खाली ज्याच्या पूर्वजांनी लाल रंग जवळपास पाहिलाच नाही, त्याला वाढदिवसाला लाल दिव्यात नाचवायचं कशाला?

मंद करण्याची सोय हवी, आणि तिचा टायमर मुख्य दिव्यापासून स्वतंत्र हवा. ही सोय नसलेली स्वस्त पट्टी महागात पडते.

आणि पाणी. खाऱ्या पाण्याची वाफ आणि शिंतोडे सगळीकडे जातात, तारांवर मिठाचे पापुद्रे चढतात. पट्टी आयपी ६७ दर्जाची तरी असावी. तार सॉकेटकडे नेताना मध्ये खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथेच ठिबकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. सॉकेटला गळती झाल्याबरोबर वीज तोडणारं संरक्षण हवंच हवं. उघड्या तांब्याच्या जोडांची पट्टी तर टँकच्या वर नकोच. तांबं पाण्यात उतरलं तर गोगलगायी आणि प्रवाळ, दोघांनाही विषच.

झालं. एक चांगली निळी पट्टी पुरे. पुढचा प्रश्न ती लावायची कधी हा आहे, आणि माझ्या मते दिव्याच्या खरेदीपेक्षा तोच महत्त्वाचा.

दिवेलागण आणि शेजारती

समुद्रात दिवस बटण दाबून उगवत नाही. आणि टँकवर एकदम फटकन दिवा लागला किंवा गेला की मासे दचकतात, सैरावैरा पळतात, क्वचित उडी मारून बाहेरही पडतात. निळ्या पट्टीची खरी जागा इथे आहे, दिवेलागणीला. सकाळी आधी निळा, हळूहळू चढणारा. मग मुख्य दिवा. संध्याकाळी मुख्य दिवा उतरला की पुन्हा निळा, हळूहळू मावळणारा. त्या तासाभरात प्रवाळ झळाळतात, मासे आपापल्या कोपऱ्यात जायला लागतात, आपण चहाचा कप घेऊन बसावं. त्या तासासाठी पट्टीचे पैसे वसूल आहेत.

नंतर मात्र शेजारती. पंढरपूरला विठोबालासुद्धा रात्री झोपवतात आणि पहाटे काकडआरतीने उठवतात. आपण मात्र टँकला म्हणतो, तू शोभेचा, तू जागा राहा.

यावर लगेच उत्तर येतं, "पण समुद्रात चांदणं असतंच की! म्हणून तर मूनलाइटचे निळे दिवे मिळतात." मिळतात, आणि मला ते नकोत. पौर्णिमेचा पूर्ण चंद्र डोक्यावर असताना जमिनीवर पडणारा उजेड एका लक्सच्या तिसऱ्या-चौथ्या भागाइतकाही मुश्किलीने भरतो. भर उन्हाचा असतो एक लाखाच्या आसपास. टँकपासून वीतभर उंचीवरची साधी निळी एलईडी चंद्राला सहज कितीतरी पटींनी हरवते. शिवाय चंद्राचा उजेड निळा नसतोच. तो सूर्यप्रकाशापेक्षा किंचित तांबूस असतो, अंधूक उजेडात आपल्या डोळ्यांना निळसर भासतो एवढंच. आणि मुख्य म्हणजे चंद्र रोज नसतो. तो रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, लहान-मोठा होतो, अमावस्येला सुट्टी घेतो. वर्षभर, रात्रभर, एकाच तेजाची पौर्णिमा कुठल्याही समुद्राने पाहिलेली नाही.

प्रवाळांना हा फरक कळतो का? कळतो. डोळे नसून कळतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर वर्षातल्या ठरावीक पौर्णिमेनंतरच्या थोड्या रात्रींत अनेक जातींचे प्रवाळ एकदमच आपली बीजं पाण्यात सोडतात, हे शास्त्रज्ञांनी १९८४ साली सविस्तर मांडलं. २००७ साली एका प्रवाळात क्रिप्टोक्रोम नावाची, निळा उजेड ओळखणारी प्रथिनं सापडली, आणि त्यातल्या एकाचं प्रमाण चांदण्याप्रमाणे बदलतं असं दिसलं. आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की किनाऱ्यावरच्या कृत्रिम दिव्यांचा उजेड जिथे पोचतो तिथले प्रवाळ एक ते तीन दिवस आधी, पौर्णिमेच्या जवळ, बीजं सोडतात. शेजारच्या काळोखातले प्रवाळ आपल्या वेळेवर, हे आधी. दोघांची गाठच पडत नाही. तिथीवर लग्न ठरलेलं, आणि नवरदेव एकादशीलाच मांडवात हजर!

उलट बाजूचं उदाहरणही आहे. लंडनच्या हॉर्निमन म्युझियममध्ये समुद्रापासून दूर, बंद टँकमध्ये प्रवाळांना बीजं सोडायला लावलं गेलं. २०१७ साली त्यांनी पद्धत प्रसिद्ध केली. त्यात वर्षभराचं तापमान, दिवसाची लांबी, उन्हाची तीव्रता आणि चंद्राच्या कला हे सगळं मूळ समुद्राबरहुकूम ठेवलेलं होतं. म्हणजे तिथेही चांदण्याचा दिवा होता, पण अमावस्येसकट.

माझ्या १५० लिटरमध्ये कोणी बीजं सोडणार नाही, मला माहीत आहे. पण म्हणून त्याचं घड्याळ मोडायचा हक्क मला मिळत नाही. चंद्र द्यायचा तर पंचांगाप्रमाणे द्यावा. ते जमत नसेल तर काळोख द्यावा. काळोख फुकट आहे.

आणि तो रिकामा नसतो हो. दिवे गेले की झोअँथिडची बटणं मिटतात, हॅमर आपल्या हातोड्या आत घेतो. दोन्ही क्लाउनफिश कोपऱ्यात तिरके होऊन डुलत झोपतात. मग दगडांच्या फटींतून तारामाशाचे सडपातळ भाऊबंद एकेक हात बाहेर काढतात, केसाळ किडे फिरायला निघतात, काचेवर टाचणीच्या डोक्याएवढे जीव टुणटुणतात. हे दिवसा कधीच दिसत नाही. अगदी मंद लाल बॅटरीने मिनिटभर बघावं आणि झोपायला जावं.

घरातला वाद

आता विरुद्ध बाजू, कारण ती बाजू आमच्याच घरात राहते.

नवऱ्याचं म्हणणं असं. इथे डिसेंबरमध्ये साडेचारला सूर्य मावळतो. बाहेर बर्फ, आत दिवे. माणूस कामावरून दमून येतो तेव्हा त्या कोपऱ्यातला निळा उजेड हा घरातला सगळ्यात प्रसन्न भाग असतो. तो साडेनवाला बंद करायचा असेल तर टँक घेतला कशाला? रात्री पाणी प्यायला उठलं तरी तो दिसावा. शेवटी पैसे आपण भरतो, प्रवाळ नाही.

यातलं पहिलं वाक्य मला पूर्ण मान्य आहे. इथला हिवाळा ज्याने काढलाय त्याला उजेडाची भूक काय असते ते सांगावं लागत नाही. मलाही तो कोपरा लागतो. समुद्र फार लांब आहे आणि तो कोपरा जवळ आहे.

पण तोडगा रात्रभर दिवा ठेवण्यात नाही, दिवस सरकवण्यात आहे. टँकच्या सूर्याला मिनियापोलिसचं वेळापत्रक पाळायची सक्ती नाही. आमच्या टँकमध्ये दुपारी साडेबाराला निळी पहाट होते, दीडला ऊन पडतं, साडेआठला मावळतीला लागतं आणि साडेनवाला पूर्ण काळोख. आपण घरी येतो तेव्हा तिथे दुपार असते. जेवायला बसतो तेव्हा तिन्हीसांजा. आपल्याला हवं ते मिळालं आणि त्यांची रात्र पंधरा तासांची राहिली. आईने फोनवर हे ऐकून विचारलं, "म्हणजे त्यांचा दिवस तिकडचा पण नाही आणि इकडचा पण नाही?" तिला म्हटलं, आई, परदेशात राहणाऱ्या सगळ्यांचंच असं असतं.

नवऱ्याने रात्री पाणी प्यायला जिन्याजवळ एक वेगळा छोटा दिवा लावून घेतला. पिवळा आहे. चालतो.

आणि मावसभावासाठी

अरे, तुला दिव्याचं मॉडेल न पाठवण्याचं दुसरंही कारण आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे घातले गेले. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. तेव्हा पुण्यात कोणी तुला दगडी प्रवाळाचा "एकदम ओरिजनल" तुकडा देऊ केला तर तो घ्यायचा नाही, कितीही झळाळत असला तरी. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातले प्रवाळ चौथ्यांदा मोठ्या प्रमाणावर पांढरे पडत असल्याचं जाहीर झालं. समुद्र तापतोय आणि भाडेकरू घर सोडताहेत. अशा वेळी त्या गर्दीतून एखादा तुकडा आपल्या दिवाणखान्यासाठी उचलणं मला जमणार नाही, आणि तुलाही जमू नये.

तू गोड्या पाण्याचा झाडांचा टँक कर. सुंदर होतो. फक्त दिवा माझ्यासारखा घेऊ नकोस. पाणवनस्पतींना पांढरा, लाल भागासकटचा उजेड लागतो. नुसत्या निळ्यात त्या नीट वाढणार नाहीत आणि काचेवर शेवाळ मात्र जोरात येईल. टायमर तोच, दिवेलागणीची सवय तीच, आणि रात्री काळोख तोच.

प्रवाळच बघायचे असतील तर पावसाळा संपला की मालवणला जा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तोंडाला मुखवटा लावून पाण्यात डोकं घाल. पाणी थोडं गढूळ असेल, उजेड हिरवट असेल, फोटोत असतात तसे पोपटी-गुलाबी रंग नसतील. कशावरही पाय ठेवू नकोस, काही उचलू नकोस. दुपारचं ऊन वरून लाटांमधून हलत खाली येतं, ते नीट बघ. परत आलास की फोन कर, मग दिव्यांबद्दल बोलू.